रिकामा चौकोन

रविवार, १ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ठरल्याप्रमाणे रविवार आणि ठरल्याप्रमाणे पत्र. दारामागच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात खूण करून टाक, म्हणजे भाची बिघडली नाही याची तुला खात्री पटेल. तीस वर्षं शिलाई मशिनींच्या शेजारी बसून तू कान घालवलेस, फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून मला या जमान्यात पोस्टाची पेटी शोधावी लागते. सापडली एकदाची. बसथांब्याच्या मागे आहे. लोक तिच्या पायाशी उष्टं टाकतात आणि मांजरं तिथे पंगत मांडतात. पत्र टाकताना मी नाक दाबून धरते.

नोकरीला तीन महिने झाले. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लसींचं भांडार आहे, तिथे मी. नोकरी अजून कच्ची आहे, पक्की होणार की नाही ते दहा एप्रिलला कळेल. काम अवघड नाही. मोठा फ्रिज आहे, त्यातलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवं. वर गेलं की लस मरते, आणि मेली आहे हे बाटलीकडे बघून कळत नाही. म्हणून सकाळी नऊला आणि दुपारी चारला तापमापक बघायचा आणि दारावरच्या तक्त्यात आकडा लिहून सही करायची. रविवारी आळीपाळीने एकाने दहा मिनिटं येऊन जायचं. परवा त्याच फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लसींना खेटून कुणाचा तरी जेवणाचा डबा सापडला. तीन दिवसांचा होता. भाजीवर राखाडी लव आली होती. मी तो दोन बोटांनी उचलून बाहेर नेला आणि नंतर चार वेळा हात धुतले, तरी वास जाईना.

पण खरी किळस पुढेच आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्हाला यशस्वी करायला एक गृहस्थ येतात. आम्ही त्यांना यशवाले म्हणतो. तळहात कायम घामट आणि हात हातात घेतला की सोडत नाहीत. त्यांनी प्रत्येकाला एक सवयींची पुस्तिका दिली आहे. लवकर उठले का, दहा पानं वाचली का, कुणाचे आभार मानले का, असे रोजचे चौकोन आणि त्यात बरोबरची खूण करायची. म्हणे रिकामा चौकोन म्हणजे चारित्र्याला पडलेलं भोक. पुस्तिका भरलेली असेल तर नोकरी पक्की करताना दहा गुण जास्त. मग काय, काल चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून एकाच पेनाने आख्खा महिना भरून काढला. आमचे ज्येष्ठ सहकारी चष्मेकाका अठ्ठावीस दिवस लवकर उठले, दोन मिनिटांत.

अडीअडचणीला असावा म्हणून भांडाराचा फोन नंबर खाली लिहिते आहे. तू शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून फोन करवू शकतेस.

लोभ आहेच, तो पत्रागणिक तपासून घेत जा.

तुझी,
खडू


गुरुवार, ५ मार्च

चि. खडूस,
अ. उ. आ.

खडूला स लावला की खडूस होतं, त्याला मी काय करू? शाळेत फळ्याखालचे खडू खाताना विचार करायचा होतास.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि त्या यशवाल्याचं वर्णन वाचून दुपारचं जेवण गेलं नाही. घामट हाताची माणसं मला आधीच आवडत नाहीत, त्यात हा फुकटचं शहाणपण वाटणारा. असलंच एक सवयींचं पुस्तक शेजारच्या शिक्षिकाबाईंनी मला वाढदिवसाला दिलं होतं. पहिली चार पानं वाचली, अंगावर पाल पडल्यासारखं झालं. आता ते शिलाई मशिनीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आहे. तेव्हापासून टीप सरळ येते, म्हणजे पुस्तकाचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही.

कारखान्यात मी तपासनीस होते तेव्हा माझी एकच पद्धत होती, ती तुला लहानपणापासून माहीत आहे. सदरा उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, काखेत दोनदा, आणि मगच कॉलरवर शिक्का. आधी डोळा, मग हात, मग शिक्का. माझ्या शेजारी एक बसायची, ती आधी गठ्ठाभर शिक्के मारून घ्यायची आणि मग वेळ उरला तर सदरे बघायची. तिचा कधी एक दिवसाचाही पगार कापला गेला नाही. मी तिच्या शेजारी डबा खायला बसत नव्हते, मला तिच्या हातांचीच किळस यायची.

तेव्हा तू आपली तापमापक बघ, मग पेन उचल. पुस्तिकेचं काय व्हायचं ते होऊ दे. कॅलेंडरवर तुझी खूण केली आहे. ते मेलं उंचावर आहे, खालच्या भिंतीचं प्लास्टर सुटतं म्हणून वरच्या खिळ्याला लावलं, दर वेळी स्टुलावर चढावं लागतं. तरी चढते. तुझ्यासाठी म्हणून नव्हे, मला खूण करायला आवडते म्हणून.

माझा लोभ मोजूनमापून आहे, उधळू नकोस.

मावशी


रविवार, ८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आज रागाने लिहिते आहे. सोमवारी सकाळी मी भांडारात लवकर पोचले, तर चष्मेकाका फ्रिजच्या दारापाशी पेन घेऊन उभे. पाच, पाच, सहा, पाच. संपूर्ण आठवड्याचा तक्ता एका दमात भरत होते, रविवारसकट. फ्रिजचं दार उघडलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, की हे काय, तर म्हणाले, फ्रिज अकरा वर्षं पाचच दाखवतोय, तो काय आज माझा अपमान करायला सहावर जाणार आहे? आणि मधेमधे सहा का लिहिता, तर म्हणाले, सगळे पाच असले की खोटं वाटतं.

पण पुढे ऐक. शुक्रवारी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे भांडाराच्या प्रमुखांनी, तक्ते तपासले. चष्मेकाकांचा तक्ता सगळ्यांना हात वर करून दाखवला, की याला म्हणतात शिस्त. माझ्या वाट्याच्या मागच्या आठवड्यात दोन चौकोन रिकामे होते. दोन्ही वेळा मी मागच्या दाराला गाडीतून खोकी उतरवून घेत होते, एकटी, त्यामुळे चारला पोचू शकले नाही आणि नंतर खोटी वेळ टाकली नाही. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की अशा निष्काळजी मुलींना पक्कं करायचं म्हणजे लहान मुलांच्या जिवाशी खेळ. लहान मुलांच्या जिवाशी! मी खाली मान घालून उभी राहिले. चष्मेकाका माझ्याकडे बघून चष्मा पुसत होते.

उद्यापासून तक्ता पूर्णपणे माझ्याकडे दिला आहे, सुधारण्याची संधी म्हणून. मावशी, मला या सगळ्याचा वीट आला आहे. पण मी असलं काही कधी करणार नाही, तुझी शपथ.

लोभ वाढवलास तर आज बरं वाटेल.

तुझी,
खडू


रविवार, १५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. काम नेहमीप्रमाणे चालू आहे. तक्ता आता वेळेवर भरला जातो, मोठ्या बाईसुद्धा खूश आहेत. हवा गरम व्हायला लागली आहे. खोलीतला पंखा आवाज करतो, पण चालतो.

तुझं कसं काय चाललं आहे? तुझी तब्येत चांगली असेलच. शिक्षिकाबाईंना नमस्कार सांग. बाकी विशेष काही नाही.

लोभ असावा.

तुझी,
खडू


बुधवार, १८ मार्च

चि. खडूस,
अ. उ. आ.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. शुक्रवारी तुझ्या आठ तारखेच्या पत्राची खूण करायला स्टुलावर चढले आणि स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. शिक्षिकाबाई भात कालवून देतात, मला त्याची शरम वाटते. केससुद्धा त्याच विंचरतात आणि ओढून ओढून विंचरतात.

त्या तुला फोन करणार होत्या, मी नको म्हटलं. घाबरून धावत येशील आणि तिकडे पुन्हा चौकोन रिकामा राहील. पण या वेळी जरा मोठं पत्र लिही. दिवस जात नाही.

मावशी


रविवार, २२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. काम चालू आहे. उन्हाळा वाढतो आहे. तू नेहमीसारखी शिवणात हात गुंतवून बसली असशील, डोळ्यांना फार ताण देऊ नकोस. मशिनीचा पाय डुगडुगतो आहे का अजून?

बाकी विशेष काही नाही. शिक्षिकाबाईंना नमस्कार.

लोभ असावा.

तुझी,
खडू


रविवार, २९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सर्व ठीक आहे. कामात नियमितपणा आला आहे. एक पत्र लिहायचं राहिलं नाही, याचा मला आनंद वाटतो. कॅलेंडरवर खूण करायला विसरू नकोस. पेन संपत आलं आहे, म्हणून आवरते.

लोभ असावा.

तुझी,
खडू


बुधवार, १ एप्रिल

खडू,

आशीर्वाद आज नाहीत. हे पत्र मी सांगते आहे आणि शिक्षिकाबाई लिहीत आहेत. त्या म्हणतात मी शिव्या लिहिणार नाही. मी म्हटलं, मग तिथे रेघ ओढा, तिला कळेल.

मी तपासनीस होते हे तू विसरलीस का गं? बाविसाव्या तारखेचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, माझं पत्र पोस्टाने खाल्लं. मनगट मोडलेल्या बाईला कोण विचारेल, की हात शिवणात गुंतलाय का? काल एकोणतिसाव्या तारखेचं आलं. ते मी बाविसाव्याच्या शेजारी टेबलावर ठेवलं. तुझ्या एका कागदाच्या उजव्या कडेला चहाच्या कपाचा अर्धा डाग आहे आणि दुसऱ्याच्या डाव्या कडेला उरलेला अर्धा. जोडले, पूर्ण वर्तुळ झालं. बाही खांद्याला बसावी तसं बसलं. आणि पंधरा तारखेच्या पत्रात पेन ठणठणीत, बाविसाव्यात अडखळतं, एकोणतिसाव्यात संपतं. अडखळणारं पेन कुणी सात-सात दिवस पुढच्या पत्रासाठी राखून ठेवत नाही. तू एका दुपारी, एका कपाशेजारी, तिन्ही पत्रं लिहून काढलीस आणि दर रविवारी एकेक पेटीत टाकलंस. ────

माझी पत्रं उघडलीस तरी का? मला सांगू नकोस, मला माहीत आहे. मी डाव्या हाताने, जीभ बाहेर काढून, लहान पोरीसारखी दोन तास बसून ते पत्र लिहिलं होतं. अठरा दिवस दुसऱ्याच्या हातून भात खाल्ला, तेव्हा वाटली नव्हती एवढी किळस काल ती दोन पानं जोडताना वाटली. त्या शिक्के मारणारीचे हात आठवले. तुझे हात तसे असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ────

आता मला एकच विचारायचं आहे आणि त्याचं उत्तर दे. जी मुलगी मावशीला पुढच्या तारखा घालून पत्रं लिहिते, तिच्या फ्रिजच्या तक्त्याचं काय?

मावशी

(शिक्षिकाबाईंचं: रेघा दोनच ओढल्या आहेत, प्रत्यक्षात पुष्कळ होत्या. त्या रडल्या, हे लिहू नका म्हणाल्या. मी लिहिते आहे.)


शनिवार, ४ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पाकिटं खणात होती. सावकाश वाचू म्हणून ठेवली होती. कालचं पाकीट शिक्षिकाबाईंच्या अक्षरात होतं म्हणून घाबरून उघडलं, आणि मग मागचं. डाव्या हाताचं. ते मला पुरतं वाचता आलं नाही. तुझ्यासमोर उभी राहायची माझी लायकी नाही एवढंच आज म्हणते.

तक्त्याचं विचारलंस. ऐक आणि मग माझं पत्र हातात धरायची शिसारी आली तर फेकून दे. नऊ मार्चला तक्ता माझ्याकडे आला. पहिले दोन दिवस खरे आकडे लिहिले. तिसऱ्या दिवशी खोकी आली, चार वाजून गेले, चौकोन रिकामा, आणि मोठ्या बाई जिन्यावरून खाली येताना चपलांचा आवाज ऐकू आला. मी पाच लिहिलं. काही झालं नाही. त्या आठवड्याचे उरलेले चौकोनही तसेच, आणि पुढच्या सोमवारी मी आख्खा आठवडा एकदम भरला. मधेमधे सहासुद्धा लिहिले, मावशी. त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी दुपारी, तुझी तीन पत्रं लिहून टाकली होती. एकदा हात बसला की बसतो.

आता खरं सांगायचं ते. अठ्ठावीस मार्चला शेवटचा शनिवार. यशवाले आले, भांडारातच बैठक मांडली आणि त्यांच्या भिंतीवर चित्रं दाखवायच्या यंत्राला प्लगची जागा नव्हती म्हणून फ्रिजची पिन काढली. दोन तास ते नियमितपणावर बोलले. जाताना माझा हात धरून म्हणाले, की माझी पुस्तिका एकही भोक नसलेली आहे. पिन कुणीच परत लावली नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी बघायला जायची पाळी माझी होती. मी तुझं पत्र पेटीत टाकायला खाली उतरले, पण हॉस्पिटलला गेले नाही. ती पेटी आणि हॉस्पिटलचं दार यांत चारशे पावलं आहेत. सोमवारी दार उघडलं तर आतून कोंदट वाफ आली. तापमापकावर तेवीस. आणि दारावरच्या तक्त्यात शनिवार दुपार पाच, रविवार सकाळ पाच, रविवार दुपार सहा, माझ्या सहीने.

चष्मेकाकांनी पिन लावली. दुपारपर्यंत फ्रिज परत पाचवर. ते म्हणाले, आता तक्ता आणि फ्रिज दोन्ही एकच सांगतात, तू मधे कशाला तिसरं बोलतेस? या बुधवारी गाडी बिघडली म्हणून खोकी बाहेरच्या दवाखान्यांना गेली नाहीत. येत्या बुधवारी, आठ तारखेला, जातील. ती मेलेली लस मुलांना टोचतील आणि आयांना वाटेल आपलं मूल वाचलं. दहा तारखेला माझी नोकरी पक्की होणार आहे. सांगितलं तर होणार नाही. पाच दिवस मी हे पोटात घेऊन फिरते आहे.

पण तू मला त्या शिक्के मारणारीच्या रांगेत बसवलंस म्हणून एक बोलते, रागाव हवं तर. चौथीची सुट्टी आठव. रोज एक पान शुद्धलेखन होतं आणि मी तुझ्याकडे दीड महिना आंबट चिंचा खात हुंदडले. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी पंचेचाळीस पानं बसून लिहिली. पानांवर तारखा कुणी घातल्या होत्या? दोन वेगवेगळी पेनं कुणी आणून दिली होती, एकाच शाईत सगळं संशयास्पद दिसतं म्हणून? मला नियमितपणाचं बक्षीस मिळालं, कंपासपेटी, आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास.

तुझी,
खडू


सोमवार, ६ एप्रिल

चि. खडू,
आशीर्वाद. आज देते आहे, कारण मला स्वतःलाही कुणीतरी द्यावेत असं वाटतंय.

शिक्षिकाबाई लिहीत आहेत. शुद्धलेखनाचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, लिहा, अजून बाकी आहे.

तुला पंचेचाळीस पानं आठवतात. तू लिहिलीस चौतीस. तू पानावर डोकं ठेवून झोपलीस, हात सुजला होता, मला दया आली. उरलेली अकरा मी लिहिली, तुझं गिरगोट अक्षर काढून, काना लांब ओढून. दोन पानांवर पाण्याचे थेंब टाकून वाळवले, जुनं वाटावं म्हणून. दिवसभर कारखान्यात सदरे उलटे करून शिवणी तपासणारी ही बाई संध्याकाळी घरी येऊन हे करत होती. आणि तुला सांगते, मला मजा आली. बक्षिसाच्या वेळी मला वाटलं, बाईंना काय फसवलं आपण! वीस वर्षांत मला त्याची एकदाही लाज वाटली नाही. आज तुझं पत्र वाचल्यापासून वाटते आहे. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघवत नाही, बरं झालं प्लास्टरमध्ये आहे.

पण याने तुझं काही कमी होत नाही, समजलं? त्या वहीने कुणाचं मूल मेलं नसतं. तू चौथीत नाहीस. मी शिकवलं म्हणून मी करते, असं म्हणत मोठ्या बाईंपुढे माझं नाव घेऊन लपू नकोस.

हे पत्र बहुधा बुधवारीच पोचेल, तोपर्यंत खोकी निघायची वेळ होईल. म्हणून आधीच सांगून ठेवते. बुधवारी सकाळी आठ वाजता शिक्षिकाबाई तू दिलेल्या नंबरावर फोन लावतील आणि मोठ्या बाईंना सगळं सांगतील. तुझी नोकरी जावो नाहीतर राहो. तोवर दोन दिवस तुझे आहेत. मी त्यांना आज लावू दिला नाही, कारण ते तुझ्या तोंडून निघावं असं मला वाटतं. खोकी बुधवारच्या आधी हलणार नाहीत ना, एवढं तुझ्या पत्रात तीनदा वाचून खात्री केली.

लोभ आहे. किती, ते बुधवारनंतर बघू.

मावशी


मंगळवार, १४ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी संध्याकाळी मिळालं. मी मंगळवारी दुपारीच बोलले होते, त्यामुळे शिक्षिकाबाईंचा आठचा फोन आला तेव्हा मोठ्या बाई खेकसल्या, की अजून किती जण मला हेच सांगणार आहेत? शिक्षिकाबाईंना माझा नमस्कार सांग. त्या फोनचा आवाज ऐकून मला एवढं हसू आलं की मी खोकी ठेवायच्या खोलीत जाऊन तोंड दाबून घेतलं, आणि मग ते हसू रडण्यातच गेलं.

मंगळवारी मी तक्ता दारावरून काढला आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. जे आकडे न बघता लिहिले होते त्यांवर लाल पेनाने गोल केले. नऊ ते एकोणतीस मार्चच्या बेचाळीसपैकी सदतीस. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, की तापमापकच बिघडला होता असं लिहून दिलं तर सगळ्यांचं सोपं होईल. ती बाई महिनाभरापूर्वी मला लहान मुलांच्या जिवाबद्दल बोलली होती. मला तिची एवढी किळस आली की माझी स्वतःची विसरले, घटकाभर. मी म्हटलं, तापमापक ठीक आहे, मी ठीक नव्हते.

खोकी गेली नाहीत. पण एवढ्यावर सुटले नाही. मार्चच्या शेवटच्या दोन बुधवारी गेलेली लसही परत बोलावली, कारण त्या आठवड्यांत फ्रिज नीट होता की नव्हता हे कुणालाच सांगता येईना. बहुतेक नीट असेल. पण बघितलंच नव्हतं कुणी. ज्या मुलांना टोचली त्यांना पुन्हा बोलावलं आहे. पहिल्या दिवशी चाळीस आली. मला तिथे मुलं धरायला उभं केलं. एक आई माझ्यावर ओरडली, की एकदा टोचून झालं तेव्हा तीन दिवस ताप होता, आता परत का? मी खरं सांगितलं, की मी न बघता आकडे लिहिले म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं आणि मूल माझ्या हातातून काढून दुसऱ्या बाईकडे दिलं. तिने बरोबर केलं. त्या दिवशी मी साबण संपेपर्यंत हात धुतले.

नोकरी पक्की झाली नाही. आणखी सहा महिने कच्ची, तेही माणसं कमी आहेत म्हणून. शनिवारी यशवाल्यांनी चष्मेकाकांना नियमितपणाचं प्रशस्तिपत्रक पाठवलं. ते त्यांनी फ्रिजच्या दारावरच चिकटवलं, बरोबर तक्त्याच्या शेजारी. माझी पुस्तिका मी यशवाल्यांना परत पाठवली, सगळ्या खुणा खोडून. आभार मानले, या रकान्यातली एक तेवढी ठेवली. ती शिक्षिकाबाईंची.

अकरा पानांचं वाचलं. मला तेव्हा वाटायचं, झोपेत मी छान अक्षर काढते. कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे, झाकण गंजलंय. पुढच्या वेळी येताना तुला आणून देते, ती तुझीच आहे.

आता तक्ता पुन्हा माझ्याकडे आहे. गुरुवारी दुपारी चारला मी मुलं धरून उभी होते, म्हणून चौकोन रिकामा आहे. मोठ्या बाई रोज येताजाता त्याच्याकडे बघतात. मी तो भरलेला नाही.

तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघेल त्या आठवड्यात मी येते आहे, रजा मागितली आहे. भात मी कालवेन आणि केस ओढणार नाही. कॅलेंडर खालच्या भिंतीला लावायला चांगला खिळा आणते. तोवर स्टुलावर चढलीस तर तुझ्याशी बोलणार नाही.

लोभ वाढव असं म्हणायला अजून तोंड नाही. शिल्लक असेल तेवढा सांभाळ.

तुझी,
खडू

ता. क. परवा रविवारी पत्र लिहिलं नाही. दिवसभर झोपले होते. हे मंगळवारी लिहिते आहे आणि वर तारीखही मंगळवारचीच घातली आहे. शिक्षिकाबाई खूण करायला चढल्या तर त्यांना सांग, बारा तारखेचा चौकोन रिकामाच ठेवा.